गाडीखालची हिंजवडी

माण रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रीला गिऱ्हाइकाचा रोजचा रस्ता विचारावा लागत नाही. गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी लावली, पुढचं चाक उतरवलं की तो रस्ता समोर येतो. लोअर आर्मवर सिमेंटचं पाणी वाळून पांढरे ओघळ उमटलेत, म्हणजे गाडी रोज काँक्रीटच्या मिक्सरमागून येते. रबरी बूटाच्या घड्यांत लाल मुरूम बसलाय, म्हणजे मारुंजी किंवा नेऱ्याकडचा अर्धामुर्धा रस्ता. डाव्या चाकाचे बुश फाटलेत आणि उजवे धडधाकट आहेत, म्हणजे मालक सकाळी घाईत असतो. कोंडी चुकवायला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरतो आणि पुढे फट दिसली की पुन्हा वर चढतो. डांबराच्या त्या कडेचा धक्का दर वेळी डाव्या बाजूलाच बसतो.

बाहेरून येणाऱ्याला हिंजवडी दिसते ती काचेच्या इमारतींची. मुळशी तालुक्यातल्या या गावाच्या शेतजमिनीवर एमआयडीसीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारायला घेतला. एकाचे तीन टप्पे झाले, शेजारच्या माणची हद्दही त्यात आली. नोकऱ्या वाढल्या, रस्ते त्या मानाने वाढले नाहीत. मुंबई-बंगळूर महामार्गावरून आत शिरायला वाकडचा पूल किंवा भूमकर चौक, पुढे शिवाजी चौकाची कोंडी, आणि ज्या माण-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं तिचं काम सुरू झाल्यापासून खांबांच्या दोन्ही अंगांना उरलेली चिंचोळी वाट. गळिताच्या हंगामात कासारसाईच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या वेगळ्याच. या सगळ्यातून जाणारी गाडी सलग अशी फार कमी चालते. ती थांबते, सरकते, वळते, आपटते. क्लच आणि ब्रेक त्याचा त्रास काढतातच. पण रस्त्याचा पहिला मार खातात ते चाक धरून ठेवणारे भाग. मिस्त्रीचं पोट त्याच भागांवर चालतं.

तो मूळचा बार्शीकडचा. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकची दोन वर्षं काढून चिंचवडला एका वस्तादाच्या हाताखाली राहिला. तिथे त्याने इंजिनं उघडली, गिअरबॉक्स उतरवले, आणि गाडीच्या खाली झोपायचं काम मात्र नव्या पोराचं म्हणून त्याच्याच वाट्याला येत गेलं. पुढे हिंजवडीत शेड टाकली तेव्हा त्याच कामाला गिऱ्हाईक सगळ्यात जास्त निघालं. इंजिनाचं काम कंपनीच्या वर्कशॉपकडे जातं, कारण त्याला वॉरंटी असते आणि कॉम्प्युटर लागतो. खालचा आवाज मात्र लोक जवळच्या गॅरेजात घेऊन येतात. आठवडाभर ऐकून ऐकून कंटाळले की मगच येतात.

येतात ते एकच वाक्य घेऊन. ‘दादा, पुढून खडखड येतंय.’

मिस्त्री पाना हातात घेत नाही. आधी विचारतो. बारीक खड्ड्यांत येतं की मोठ्या? ब्रेक दाबताना येतं का? पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना? वेग वाढला की वाढतं? या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या भागांकडे जातात. हळू वेगात, लागोपाठच्या बारीक खाचांवर टकटक वाजत असेल तर संशय लिंक रॉडवर. ब्रेक दाबताच एकदाच ‘ठक’ होत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश सैल झालेला असू शकतो. उभ्या उभ्या स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग ‘टण्ण’ करून सुटत असेल तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग अडकतंय. पूर्ण वळण घेऊन चालताना कटकट येत असेल तर तो सस्पेन्शनचा विषयच नव्हे, ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. वेगासोबत चढत जाणारी घूं घूं चाकाच्या बेअरिंगची असते किंवा वेड्यावाकड्या झिजलेल्या टायरची. आणि महामार्गावर ताशी ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टेअरिंग हातात थरथरत असेल तर कुठलाही भाग बदलण्याआधी चाकाचं बॅलन्सिंग बघायचं.

मग फेरी. गाडी मालकाने चालवायची आणि मिस्त्रीने शेजारी बसायचं, हा त्याचा नियम. मालक रोज ज्या वेगाने खड्ड्यात घालतो त्याच वेगाने त्याने घालावी. मिस्त्रीच्या हातात गाडी आली की ती जपून चालते आणि आवाज पळून जातो. फेरीचा मार्गही ठरलेला: आधी उखडलेल्या डांबराचा तुकडा, मग एक उंच गतिरोधक, शेवटी मोकळ्या प्लॉटवर स्टेअरिंग एका टोकाला नेऊन गोल चक्कर.

शेडमध्ये परतल्यावर गाडी उचलायची. चाक वर-खाली धरून हलवलं आणि हललं, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हललं, तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड. इथे नवखे फसतात, असं मिस्त्री शिकाऊ पोराला सांगतो. एकाच बाजूचं चाक उचललं की स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, लिंक रॉड ताणला जातो आणि ढिला असला तरी घट्ट लागतो. तो बघायचा तर दोन्ही चाकं जमिनीवर हवीत किंवा दोन्ही अधांतरी.

एक सॉफ्टवेअर इंजिनिअर बाई एका वर्कशॉपचं अंदाजपत्रक घेऊन आल्या होत्या. पुढचे दोन्ही शॉकअप, वरची माउंटिंग, बंपस्टॉप, मजुरी, कर. आकडा पाच अंकी. मिस्त्रीने बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन गाडी दाबली आणि सोडली. गाडी एकदा वर आली आणि जागेवर थांबली. शॉकअपच्या नळीवर तेलाचा मागमूस नव्हता. मग त्याने चाकामागे हात घालून लिंक रॉड हलवला आणि बाईंना ऐकवला. तोच आवाज. काही शे रुपयांचा एकेक, असे दोन रॉड बदलले आणि काम दुपारच्या जेवणाआधी आटोपलं.

‘मग त्यांनी शॉकअप का सांगितले?’

‘त्यांना आवाज जाईल याची हमी द्यावी लागते, मॅडम. सगळंच बदललं की आवाज जातोच.’

हे उत्तर त्याने टोमणा म्हणून दिलं नव्हतं. मोठ्या वर्कशॉपमध्ये मजुरी कामाच्या ठरलेल्या वेळेवर असते: शॉकअप बदलायला इतके तास, आर्म बदलायला इतके. शोधायला किती, याचा रकाना तिथे क्वचितच असतो, आणि त्याच्याही बिलात इतकी वर्षं नव्हता. अर्धा तास फेरी, पाव तास गाडीखाली, त्यानंतर दोन नट. गिऱ्हाईक पैसे देतं ते दोन नटांचे. कधी त्यावरूनही घासाघीस होते. म्हणून शोधण्यापेक्षा बदलणं परवडतं, आणि बदललेला प्रत्येक भाग बिलात दिसतो तरी.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकामागे जी रचना असते तिचं नाव मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने ती १९४० च्या दशकात जनरल मोटर्सच्या एका छोट्या गाडीसाठी आखायला घेतली होती. ती गाडी बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० मध्ये ब्रिटनमध्ये सादर झालेल्या फोर्ड कॉन्सलसारख्या गाड्यांमधून त्याची रचना रस्त्यावर आली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, खाली एकच आर्म, वर एक बेअरिंग. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना हीच रचना होती आणि तिच्यासोबत ती भारतातल्या गल्लोगल्लीच्या गॅरेजांत पोचली. त्याआधीच्या अँबेसेडर-फियाटच्या जोडांना ग्रीसच्या निपल असायच्या. ठरावीक अंतराने ग्रीसगन लावली की जोड गपगुमान चालायचे. नवे जोड कारखान्यातूनच सीलबंद येतात. त्यांना देखभाल लागत नाही, म्हणजे करताही येत नाही. रबरी टोपी फाटली, आत पाणी-माती गेली की जोड संपला.

या साध्या रचनेत वजन पेलतं ते स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. तो स्प्रिंगची उसळी आवरतो, आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून जायला लावून. ‘शॉकअप गेला म्हणून गाडी खाली बसली’ असं कुणी म्हणालं की मिस्त्री आधी स्प्रिंगच्या तळाचा वेढा तपासतो. तो तुटलेला असतो आणि तुकडा खालच्या वाटीत पडलेला सापडतो.

शिकाऊ पोरगा हिंजवडीचाच. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला जातं, त्या दिवशी तो येणार नाही हे मिस्त्रीने गृहीत धरलंय. बाकी दिवस तो वेळेवर असतो आणि हात चालवतो, जरा जास्तच चालवतो. त्याला शिकवलेल्या गोष्टींपैकी पहिली होती लोअर आर्मचा नट कधी आवळायचा, ही. आर्मच्या टोकाला असलेला बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. गाडी वर उचलली की चाक लोंबतं आणि आर्म खाली झुकतो. त्याच अवस्थेत नट पक्का आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर आर्म वर जातो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. तसा बुश दिसायला नवाकोरा असतो, पण काही महिन्यांत फाटतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘माल डुप्लिकेट टाकला.’ म्हणून नट आधी नुसता लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसवायची आणि मग खाली सरकून शेवटचा आवळा द्यायचा. यात कंबर मोडते. कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत हे लिहिलेलं असतं. घाईच्या गॅरेजांत हीच पायरी सगळ्यात आधी गाळली जाते.

दुसरी शिकवण स्प्रिंग कंप्रेसरची, आणि तिथे मिस्त्रीचा आवाज चढतो. स्ट्रट उघडण्याआधी स्प्रिंग दोन बाजूंनी आकड्यांत धरून दाबावं लागतं. ते दाबलेलं असताना त्याच्यात इतका जोर साठतो की आकडा सटकला तर वरची वाटी माणसाचा जबडा फोडू शकते. ‘आरं, तोंड तिकडं कर. स्प्रिंगच्या रांगेत उभं नाय राहायचं,’ हे वाक्य पोरगा आता झोपेतही म्हणेल. दोन्ही आकडे समोरासमोर, दोन्ही बाजूंचे आटे थोडे थोडे आणि सारखे. या कामात मिस्त्री फोन उचलत नाही.

स्टेअरिंगचं दुखणं हळू येतं, म्हणून जास्त फसवतं. स्टेअरिंग हातात ढिलं लागतं, सरळ रस्त्यावर बारीक बारीक सुधारत राहावं लागतं. मालकाला वाटतं आपणच दमलोय. टाय रॉड एंड बदलताना मिस्त्री जुना रॉड किती आटे फिरवून निघाला ते मोजतो आणि नवा तितकेच आटे आत बसवतो, म्हणजे गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. जुना जोड सोडवताना बोल्टच्या टोकावर हातोडा मारायचा नाही, आटे बसतात. ज्या डोळ्यात तो बसलाय त्या डोळ्याच्या कडेवर नेमका घाव घालायचा; निमुळता दांडा आपसूक सुटतो.

रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट असतात. त्यातला एक चिरला तरी गाडी चालते, आवाज नाही, काही नाही. मग पावसाळा येतो. जून २०२५ मध्ये जोरदार पावसात इन्फोटेक पार्कातले रस्ते पाण्याखाली गेले, गुडघाभर पाण्यातून निघालेल्या गाड्यांच्या चित्रफिती फिरल्या. जुलैत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार सकाळी सकाळी पाहणीला येऊन गेले. बातम्या महिन्याभरात ओसरल्या. मिस्त्रीकडे त्या पाण्याच्या गाड्या दिवाळीच्या आसपास येऊ लागल्या. चिरलेल्या बूटातून आत शिरलेलं गढूळ पाणी रॅकच्या चकचकीत दांड्यावर बसलं होतं, दांड्याला गंजाचे टोचे पडले होते आणि ते टोचे दर वळणाला आतला बुश खात होते. पावसाआधी काही शे रुपयांचा बूट बदलला असता तर तिथेच भागलं असतं. आता पूर्ण रॅक. ज्या गाड्यांत विजेवर चालणारं पॉवर स्टेअरिंग रॅकवरच बसवलेलं असतं त्यांचा आकडा ऐकून गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं. तेव्हापासून मे महिन्यात कुठल्याही कामाला गाडी आली तरी पोराने आधी बूट बघायचे, हा शेडचा नियम झाला.

अलाइनमेंट हा या धंद्यातला सगळ्यात जास्त वाद होणारा कागद. मशीन तीन कोनांचे आकडे देतं: टो, कॅम्बर, कॅस्टर. हिरवे म्हणजे ठीक, लाल म्हणजे बाहेर. गिऱ्हाइकाला सगळे हिरवे हवे असतात. पण बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा टो तेवढाच जुळवता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर फिरवायला सोयच दिलेली नसते, आणि मागचा सरळ बीम तर मुळात हलत नाही. कॅम्बर लाल आला याचा अर्थ काहीतरी वाकलंय: आर्म, स्ट्रट किंवा चाकाचा नकल. मशीन वाकलेलं लोखंड सरळ करत नाही, फक्त दाखवतं. ढिला टाय रॉड तसाच ठेवून केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंत टिकते. म्हणून मिस्त्री ओळखीच्या अलाइनमेंटवाल्याकडे गाडी पाठवतो ती आधी सगळे जोड हाताने तपासून, हवेचा दाब बरोबर करून. टो बिघडलेल्या गाडीचा टायर तो डोळे मिटून ओळखतो: तळहात एका दिशेने फिरवला की गुळगुळीत, उलट फिरवला की दाते लागतात.

त्याचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे कॅबवाले. शेड नवी होती तेव्हा कंपन्यांच्या शिफ्टला पांढऱ्या इंडिकांच्या रांगा लागायच्या. टाटांची ही गाडी १९९८ च्या अखेरीस बाजारात आली, पिंपरीत बनायची, आणि तिचं काम माहीत नाही असा मेकॅनिक पिंपरी-चिंचवडमध्ये शोधून सापडला नसता. स्वस्त मॉडेलला पॉवर स्टेअरिंग नसे. रात्रपाळी करून आलेल्या ड्रायव्हरचे खांदे त्याची साक्ष द्यायचे. पॉवर स्टेअरिंगवाल्या गाड्यांची तेलाची नळी पाझरायची आणि ड्रायव्हर डिकीत तेलाचा डबाच ठेवून फिरायचा. पाझर थांबवण्यापेक्षा तेल ओतणं स्वस्त, हा हिशेब मिस्त्रीला कळायचा. २०१८ मध्ये इंडिकाचं उत्पादन थांबलं. आता डिझायर आणि अर्टिगा येतात. हिशेब तोच.

‘वस्ताद, एकाच बाजूचा टाका. दुसरा पुढच्या महिन्यात बघू.’

गाडी उभी म्हणजे हप्ता अंगावर, हे मिस्त्री जाणतो. म्हणून त्याने वाटणी करून ठेवलीय. लिंक रॉड एकाच बाजूचा चालेल. फार तर आवाज येईल. बुश काही दिवस ढकलता येईल. शॉकअप मात्र जोडीनेच, कारण एक बाजू आवरलेली आणि दुसरी उसळती असली की ब्रेक दाबताना गाडी तिरपी जाते. आणि बॉल जॉइंट उद्यावर टाकायचा नाही. तो निसटला तर चाक बाहेर पडून गाडीखाली मुडपतं, मग स्टेअरिंग कुठेही फिरवा. हे तोंडी सांगून पटत नाही. मिस्त्री ड्रायव्हरलाच खाली वाकायला लावतो, टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, त्याच्या हातात देतो आणि आर्म उचकटायला सांगतो. जोडातली फट स्वतःच्या डोळ्यांनी हललेली दिसली की बोलणं संपतं. पासिंग जवळ आलं असेल तर आणखी सोपं: कॅबला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस लागतं, आणि आरटीओत स्टेअरिंगचा प्ले तपासतात.

मार्च २०२० नंतर या रांगा एकदम गायब झाल्या. कंपन्या घरून चालू लागल्या, कॅबच्या गाड्या सोसायट्यांच्या कडेला आणि गावाकडे अंगणात उभ्या राहिल्या. कित्येक महिन्यांनी त्या पुन्हा निघाल्या तेव्हा मिस्त्रीने वेगळीच दुखणी पाहिली. एकाच जागी भार घेऊन उभे राहिलेले टायर एका बाजूला चपटे. ब्रेकच्या चकत्यांवर गंज. रबरं चालून झिजली नव्हती, वापराविना कडक होऊन तडकली होती. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. काही ड्रायव्हर गाडी दुरुस्त करायला आले ते विकण्यापुरती. त्यांच्याकडून त्याने मजुरी किती घेतली, हे तो सांगत नाही.

माल आणायला तो पुण्यात नाना पेठेत जातो. सुट्या भागांच्या त्या बाजारात एकाच बॉल जॉइंटचे चार भाव मिळतात, आणि खोक्यावरची छपाई चारही ठिकाणी सारखीच सुबक असू शकते. मिस्त्री खोकं बघत नाही. नवा बॉल जॉइंट हातात धरून दांडा फिरवतो. तो सहज लोंबला तर परत. रबरी टोपीच्या तळाची कडी दाबून बघतो. पुणे जिल्ह्यातच हा माल बनतो, याचं त्याला अप्रूप आहे. भारत फोर्ज आणि गॅब्रिएल इंडिया या दोन्ही कंपन्या १९६१ च्या. पहिली मुंढव्यात अवजड वाहनांचे पुढचे अ‍ॅक्सल घडवते, दुसरीचा शॉकअपचा कारखाना चाकणला. ट्रक-बसचे स्टेअरिंग गिअर बनवणारा झेडएफचा कारखाना शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला. गाड्यांच्या चाचण्या घेणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय वेताळ टेकडीवर. एवढं सगळं पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूत असताना डुप्लिकेट बुश हिंजवडीच्या गाडीत जातोच कसा, हा त्याचा आवडता प्रश्न. उत्तरही तोच देतो: ‘स्वस्त मागणारा असतोय म्हणून.’

गतिरोधकांवर मात्र त्याचा राग खराखुरा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे साध्या रस्त्यावरचा उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ किलोमीटरने गाडी आरामात ओलांडेल असा. सोसायट्यांच्या दारात आणि आतल्या रस्त्यांवर रातोरात पडणारे उंचवटे तितकेच उंच असतात, पण रुंदीला हातभरसुद्धा नसतात. अशा ठिकाणी स्प्रिंगला दबायला वेळच मिळत नाही; धक्का थेट माउंटिंगवर जातो. काही जण तो उंचवटा तिरपे होऊन, एकेक चाक करून ओलांडतात आणि आपण गाडी जपली असं समजतात. त्यात सगळा पीळ स्टॅबिलायझर बार आणि त्याच्या लिंक रॉडवर येतो. मिस्त्री सांगतो: सरळ जा, दोन्ही चाकं एकदम, आणि ब्रेक उंचवट्याच्या आधी सोडा. ब्रेक दाबलेला असताना पुढचं स्प्रिंग आधीच दबलेलं असतं. उंचवट्यासाठी त्याच्याकडे जागा उरत नाही.

गेल्या काही वर्षांत विजेच्या गाड्या येऊ लागल्यात. टाटांनी जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन विजेवर आणली, त्यानंतर हिंजवडीच्या पार्किंगमध्ये हिरव्या नंबरप्लेटा वाढत गेल्या. बॅटरीमुळे गाडी जड, म्हणून बुश आणि टायरांवर भार जास्त. पण मिस्त्रीच्या दृष्टीने खरा फरक आवाजाचा. इंजिनच्या घरघरीखाली जे झाकलं जायचं ते आता उघडं पडलंय. अशाच एका गाडीचा मालक आला. हळू वेगात बारीक टिकटिक येते म्हणाला. वर्कशॉपमध्ये दोनदा दाखवून झालं होतं. मिस्त्रीने फेरी मारली, गाडी उचलली, प्रत्येक जोड हाताळला. खाली काहीच नव्हतं. दुसऱ्या फेरीला तो मागच्या सीटवर बसला आणि डिकीच्या तळाशी असलेल्या जॅकचा दांडा त्याच्या पकडीतून सुटलाय, हे त्याला कळलं. दांडा दाबून बसवला. टिकटिक गेली.

मालकाने पाकीट काढलं आणि विचारलं, किती. मिस्त्रीकडे आकडा नव्हता. एकही भाग बदलला नव्हता, एकही नट फिरवला नव्हता, आणि तासाभराहून जास्त वेळ गेला होता. त्या दिवशी त्याने चहावर भागवलं. पण पुढचं बिलबुक छापायला टाकताना पोराला सांगून पहिली ओळ वाढवून घेतली: तपासणी. काम त्याच्याकडेच केलं तर ही रक्कम मजुरीत वळती होते, नाही केलं तर द्यायची. कंपनीतल्या गिऱ्हाइकांनी त्यावर फारसं काही विचारलं नाही. कॅबवाल्यांतल्या एका जुन्या ड्रायव्हरने बिल उलटंपालटं करून पाहिलं.

‘वस्ताद, ही नवीन काय भानगड?’

मिस्त्रीने टॉमी उचलली आणि त्याच्या हातात दिली. म्हणाला, ‘तू शोध. सापडलं तर ती ओळ खोडतो.’ ड्रायव्हर हसत हसत गाडीखाली वाकला, डाव्या चाकामागे थोडा वेळ खुडबुड केली, आणि आवाज उजवीकडून येतोय की डावीकडून, हे विचारायला बाहेर आला.